तो सीमेवर, घरात पहिली दिवाळी

अगं, पहिलं वर्ष जडच जातं. मी १९ वर्षं फौजीची बायको म्हणून हे केलंय, म्हणून आत्ता लागेल तेवढंच सांगते. कॅन्टीन कार्ड, कागदपत्रं नंतर बघू.

पार्सल दसऱ्याच्या आधी टाक. पत्त्यावर त्याचा नंबर, रँक, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस), त्यानं कळवलं असेल ते. गावाचं नाव लिहायचं नाही. कुरिअरवाल्याच्या नादी लागू नकोस, सरळ पोस्टात जा.

पहिल्या वर्षी मी हौसेनं चकल्या पाठवल्या, तिकडे पोचला भुगा! तेव्हापासून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी खूप दिवस टिकते. चटणी मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांध. तेल सुटून माझी एक कोरी चादर वाया गेलीय. आणि जरा जास्तच घाल, तिकडे कुणी एकटं खात नाही.

नव्या मुली चुकतात ते असं:
- फोन आला की आधी नळाचं पाणी आणि सासूबाईंचं गाऱ्हाणं. त्याला लेकराचा आवाज ऐकू दे आधी.
- पाडव्याला फोन आला नाही की धीर सोडायचा. अगं, रेंज नसते.
- स्टेटसला त्याचं ठिकाण टाकायचं. हे अजिबात नको.

जानेवारीत आपल्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला येतो म्हणाला असेल, तरी पोरांना तारीख सांगू नकोस. रजा मंजूर होऊन गाडीत बसू दे त्याला.