लहान मुलांचा लॅरिंजियल मास्क : भुलीचं औषध कोणतं?

प्रश्न : पाच वर्षांचा, १८ किलोचा मुलगा, हर्नियाची शस्त्रक्रिया. थायोपेंटोननंतर (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) लॅरिंजियल मास्क, म्हणजे श्वासासाठी घशात स्वरयंत्रावर बसवायची नळी, घालताना मुलं खोकतात, ओकारीचे उमाळे देतात. शिरेतून द्यायचं प्रोपोफॉल बरं की हुंगवायचं सेव्होफ्लुरेन?

उत्तर : शिरेत सुई असेल तर प्रोपोफॉलच. थायोपेंटोनने झोप लागते, पण घसा जागाच राहतो. म्हणून खोकला, कधी स्वरयंत्राचा आचका (स्वरयंत्र एकदम आवळून श्वासाची वाट बंद होणं). प्रोपोफॉल या प्रतिक्षिप्त क्रिया छान दाबतं. किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का द्रावणाचे सुमारे साडेपाच मिलिलिटर. टोचताना हात दुखतो. मोठी शीर निवडा, लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) द्या. श्वास थांबू शकतो, रक्तदाब उतरतो. ऑक्सिजनची बॅग हाताशी हवीच.

सुईला घाबरणाऱ्या मुलाला ८ टक्के सेव्होफ्लुरेन हुंगवा. इथे घाई नडते: डोळे मिटले म्हणजे जबडा सैल झाला असं नव्हे. खालचा जबडा पुढे उचलून पाहा. मूल हललं किंवा गिळलं तर अजून थांबा. आणि मास्क घालण्याआधी शिरेत सुई लावाच, आचका आला तर औषध द्यायला वाट हवी.

या वजनाला २ नंबरचा मास्क. मास्कच्या फुगवायच्या कडेत (कफ) जास्तीत जास्त १० मिलिलिटर हवा. दाब मोजता आला तर ६० सेंटिमीटर पाण्याच्या आत ठेवा.