औंध खरंच राजधानी होतं का? आता तिथे पाहण्यासारखं काय उरलंय?

तुम्ही पुण्याचं औंध नाही, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं औंध विचारताय असं धरून चालतो. माझं आजोळ तिथलं.

हो, राजधानीच होती, औंध संस्थानाची. तिथल्या राजांना पंतप्रतिनिधी म्हणत. संस्थान लहान आणि तेही सलग नाही. बहात्तर गावं, काही औंधच्या आसपास, काही आटपाडीला, काही कुंडलला, काही पार विजापूरकडे. दुसऱ्या संस्थानिकांच्या राजवाड्यांचा थाट डोळ्यापुढे ठेवून आलात तर तुमची निराशा होईल. औंधचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. इथल्या राजाने आपली सत्ता आपल्या हाताने प्रजेला देऊन टाकली.

राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ साली गादीवर आले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार लोकांकडे सोपवायचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनियर सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावपंचायत, तिच्यावर तालुका, त्याच्यावर विधिमंडळ. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती, हे लक्षात घ्या! फ्रिडमन यांच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली. तिथे कैदी भिंतीविना राहत, शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि प्रयोग तिथेच थांबला. मला त्याची आजही हळहळ वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा जागा दिली ती याच राजांनी. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आणि सूर्यनमस्कार. बाळासाहेबांनी ते संस्थानातल्या शाळांमधून सक्तीचे केले होते. माझे आजोबा त्या शाळेतले. ऐंशी उलटल्यावरही पहाटे अंगणात घोंगडं अंथरून ते बारा नमस्कार घालायचे. गुडघे टेकताना कण्हायचे, पण 'ॐ ह्रां मित्राय नमः' मात्र असं खणखणीत, की आम्ही नातवंडं पांघरुणात जागी व्हायचो. आजी आतून ओरडायची, "अहो, हळू जरा!" ते हळू कधीच झाले नाहीत.

आता बघायचं काय ते सांगतो. यमाई देवीच्या डोंगराकडे जाताना वाटेत श्रीभवानी संग्रहालय लागतं. बाळासाहेबांनी ते १९३८ मध्ये उभारलं. तिथे घाई करू नका. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, खुद्द बाळासाहेबांनी काढलेलीही आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. लहानपणी मला ते ओबडधोबड वाटायचं, मी पुढे पळायचो. आता तिथे आईची ती बाळाला धरायची तऱ्हा बघत बराच वेळ उभा राहतो. मूरचं मूळ काम खटाव तालुक्यातल्या डोंगरावर आहे, हे अजून कितीतरी मराठी माणसांना ठाऊक नाही.

नंतर वर यमाईचं दर्शन घ्या. पायऱ्या उन्हाच्या आधी चढा, पाणी बरोबर ठेवा. संग्रहालय उघडं आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

जमलं तर आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला या. गवई अंतुबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीत उत्सव तेव्हा असतो. गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी हे अंतुबुवांचेच चिरंजीव. मोठमोठे गवई येतात आणि गावातले लोक सतरंजीवर मांडी घालून ऐकतात. एक शाल तेवढी आणा, रात्री गारठा पडतो.