अप्लाइड मेकॅनिक्सचा प्राध्यापक होणं कसं असतं? सिव्हिलची डिग्री झाली की एम.ई. करून शिकवायला जावं का?

तुमची सिव्हिलची डिग्री झालीय आणि शिकवण्याची ओढ आहे, असं प्रश्नात दिसतं. मी धुळे-जळगाव पट्ट्यात याच विषयात, म्हणजे बलं आणि त्यांचे वस्तूंवरचे परिणाम शिकवण्यात, तीस वर्षं खडू झिजवला, म्हणून लिहितो.

सुरतेहून एम.ई. करून १९८८ साली एका विनाअनुदानित कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो. तेव्हा आमचे पेपर पुणे विद्यापीठाचे. जळगावचं विद्यापीठ १९९० मधलं. पगार तीन-तीन महिने थकायचा. रावेरला घरची केळी होती म्हणून निभावलं.

हा विषय माझ्या काळात पहिल्या वर्षाला सगळ्याच शाखांना असायचा, अगदी कॉम्प्युटरवाल्यांनाही. म्हणजे आपल्या वाट्याला यायची बारावीतून नुकतीच आलेली, इंग्रजीला बिचकणारी पोरं. केट्याही (नापास होऊन राहिलेले पेपर) आपल्याच विषयात जास्त. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला पक्की धरलेली तुळई) काढला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, काही समजनं नही." दुसऱ्या दिवशी केळीचं झाड काढलं. घड एका बाजूला लोंबतो, त्यामुळे खोडावर नुसता दाब नाही, वाकवणारा मोमेंटही (बल गुणिले अंतर) येतो. त्यात वादळवारा सुटला की तो मोमेंट बुंध्याशी सगळ्यात मोठा. बांबूचा टेकू कुठे द्यायचा हे पोरांना माहीतच होतं. त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात एवढंच नवं. (केळीचं खोड हे खरं खोड नव्हे, पानांच्या देठांचे रुंद तळ एकावर एक गुंडाळलेले असतात, म्हणून शेतकी कॉलेजातल्या मित्राने मला झापलं होतं.)

पीएच.डी. मात्र चव्वेचाळिसाव्या वर्षी झाली. विषय जाड तुळया. नेहमीच्या सिद्धांतात तुळई वाकली तरी तिचा छेद अक्षाशी काटकोनातच राहतो असं धरतात. जाड तुळईत ते चालत नाही. टिमोशेंको या अभियंत्याने १९२१ मध्ये कातर विरूपणही (थर एकमेकांवर सरकल्यासारखा आकार बदलणं) हिशेबात घेतलं, पण ते छेदभर सारखंच मानल्यामुळे करेक्शन फॅक्टर (दुरुस्तीचा गुणक) लावावा लागतो. तो टाळण्यात माझी पाच वर्षं गेली. दिवसा लेक्चर, प्रॅक्टिकल, तपासणी समितीच्या फायली. गणित रात्री अकरानंतर, लोडशेडिंग नसेल तर.

तुम्ही हा क्रम उलटा करा. गेट (पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) द्या, पीएच.डी. आधीच उरका, आता तिच्याशिवाय असोसिएट प्रोफेसर (असिस्टंटच्या वरचं पद) होता येत नाही. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण खासगीत हातात किती पडतं ते वेगळं विचारा. तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरताच पगार) फार काळ अडकू नका.

आणि मुलाखतीला गेलात की आधी लॅबमध्ये डोकावा. यूटीएमवर (साहित्य ताणून-दाबून तपासायचं यंत्र) धूळ साचलेली दिसली, तर पगार वेळेवर होतो का ते तिथल्या लॅब असिस्टंटला चहा पाजून विचारा.