दोन लाखांचे कर्ज काढून बीएड करावे का?

आपला प्रश्न असा आहे: गणित घेऊन बीएस्सी झाल्यावर आपण सध्या औषधांच्या एका कारखान्यात दरमहा १४ हजार रुपयांवर काम करता, घरची कोरडवाहू शेती आहे, आणि तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित कॉलेजात बीएडला प्रवेश घ्यायचा तर फी, राहणे, जेवण मिळून दोन लाखांचे शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. पुढे शिक्षिकेच्या पगारातून ते फिटेल काय? मी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांच्या हप्त्यांच्या तारखा स्टाफरूममध्ये नेहमीच कानावर पडत असतात. माझे मत विचाराल तर बीएड अवश्य करावे. मात्र या कॉलेजात, एवढ्या कर्जावर आणि एवढ्या घाईने करू नये.

शिक्षकाच्या पगाराचा जो आकडा नातेवाईक सांगतात तो वेतनश्रेणीत कायम झालेल्या शिक्षकाचा असतो. सातव्या वेतन आयोगानुसार माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, आणि २०२५ मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक असल्यामुळे ही रक्कम साठ हजारांच्या आसपास जाते. आकडा खरा आहे, परंतु तो हाती पडण्यापूर्वी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात. २०२३ च्या जानेवारीपासून हे मानधन पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये आहे. त्याआधी कित्येक वर्षे ते अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजारांवर अडकून पडले होते. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे कायम झाल्यावरही मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा निवृत्तिवेतनासाठी कापली जाते. तेव्हा साठ हजार म्हणजे हातात साठ हजार असे समजू नये.

त्याहून अवघड भाग शिक्षणसेवक होण्याच्या आधीचा आहे. बीएड झालेल्या उमेदवारास सहावी ते आठवीच्या जागेसाठी टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो, नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही, पण टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी दोन्हीकडे द्यावी लागते, आणि तिच्या २०० पैकी गुणांवर शासनाच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमधून निवड होते. पहिली ते पाचवीचा दरवाजा बीएडधारकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद झाला आहे. (टीईटीचे महत्त्व एवढे वाढले आहे की सेवेतील शिक्षकांनाही ती सक्तीची करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर नोकरीत मुरलेले शिक्षकदेखील मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचे गाइड उघडून बसलेले दिसतात.) आता टेटचा इतिहास पाहा. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि तिच्यावरील पहिली निवड यादी लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला. पुढची चाचणी थेट २०२३ च्या फेब्रुवारीत झाली, तिच्या जागांची मोठी जाहिरात २०२४ मध्ये आली, आणि त्यानंतरची चाचणी २०२५ मध्ये झाली. अलीकडे वेग वाढला आहे हे मान्य करूनही, बीएडचा निकाल हातात आला त्याच वर्षी भरती निघेल असे गृहीत धरून कर्ज काढणे धाडसाचे ठरेल, कारण बँक भरतीची वाट पाहत थांबत नाही.

बँकेचा नियम सर्वसाधारणपणे असा असतो की अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाची सवलत मिळते आणि मग हप्ता सुरू होतो. चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही, त्यामुळे ते मिळते सहज, आणि सहज मिळते म्हणून त्याचे गणित कोणी मांडत नाही. ते येथे मांडतो. दर वर्षाच्या सुरुवातीस एक लाख याप्रमाणे दोन लाख उचलले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर पहिल्या लाखावर तीन वर्षांचे आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे सरळ व्याज मिळून हप्ता सुरू होण्याआधीच देणे अडीच लाखांवर पोहोचते. ते पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो; दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे ३,३०० रुपये, पण मग उचललेल्या दोन लाखांपोटी जवळजवळ चार लाख परत करावे लागतात. शिक्षणसेवकाच्या १८ हजारांतून ५,३०० रुपये काढून उरलेल्या पैशांत परगावी खोली घेऊन राहणे जेमतेम जमते. पण त्या वेळी आपण शिक्षणसेवक झालेल्या नसाल आणि एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेत शिकवत असाल, तर काय? आमच्या भागात अशा शाळा बीएडधारकास दहा-बारा हजार रुपये देतात, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार अनेक ठिकाणी देत नाहीत, आणि काही ठिकाणी सही एका आकड्यावर घेऊन हातात दुसराच आकडा ठेवतात.

म्हणून कर्जाची मर्यादा साठ हजारांवरून ठरवू नये, सोळा किंवा अठरा हजारांवरूनही ठरवू नये. आपल्या परिसरातील खासगी शाळा आज प्रत्यक्ष हातात किती देते त्यावरून ठरवावी. त्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नसावा असे माझे मत आहे. दहा हजारांचा पाचवा हिस्सा दोन हजार. दोन हजारांच्या हप्त्यात दहा वर्षांत सुमारे दीड लाखाचे देणे फिटते, आणि सवलतीच्या काळातील व्याज वजा केल्यास याचा अर्थ प्रत्यक्ष उचल एक लाख वीस हजारांच्या पुढे जाऊ नये. आपला दोन लाखांचा आकडा या मर्यादेच्या बराच वर आहे.

आपल्या प्रश्नात न आलेला एक खर्च कर्जापेक्षाही मोठा आहे. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो, त्यामुळे नोकरी सांभाळून ते नियमाप्रमाणे करता येत नाही. दरमहा १४ हजार या हिशेबाने दोन वर्षांत ३ लाख ३६ हजारांच्या पगारावर पाणी सोडावे लागेल. काही कॉलेजे ‘नॉन-अटेंडिंग’ची सोय करून देतात, म्हणजे जादा पैसे घेऊन हजेरी लावतात, तो मार्ग बेकायदेशीर आहे हे एक, आणि पाठ न घेता मिळालेली पदवी घेऊन चाळीस मुलांसमोर उभे राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात जी फजिती होते ती मी जवळून पाहिली आहे, हे दुसरे.

डोनेशनविषयी स्पष्ट लिहितो, कारण शिक्षकी पेशातील बुडवणारे कर्ज बहुधा बीएडच्या फीचे नसते. संस्थेच्या शाळेतील नोकरीसाठी ‘बोलणी’ करू असे सांगणारा मध्यस्थ आपल्याला भेटेलच, आणि तो ज्या रकमा उच्चारेल त्यांसाठी लोकांनी जमिनी विकलेल्या आहेत. त्यातील कित्येकांच्या पदाला मान्यताच मिळाली नाही, काहींच्या शाळेला टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या शासकीय अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा टप्पा मिळायलाही वर्षानुवर्षे लागली, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पटसंख्या घटली की सर्वांत शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरला. अशा पैशांची पावती नसते, त्यामुळे दाद मागायलाही जागा राहत नाही. यासाठी एक रुपयाही उसना घेऊ नये.

आपल्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे विषय. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञानाचा शिक्षक लागतोच, आणि कला शाखेच्या तुलनेत या विषयांत स्पर्धा कमी असते. सोबत सीटीईटी म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा दिल्यास केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या पदवीधर शिक्षकपदांचाही मार्ग खुला होतो, जेथे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि शिक्षणसेवकाची तीन वर्षे नसतात. फक्त पदवीला असलेली विषयांची जोडी त्यांच्या नियमांत बसते का, हे आधी तपासून घ्यावे. अगदी लहान मुलांना शिकवण्याची आवड असेल तर डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) हाही विचार करण्यासारखा पर्याय आहे, कारण पहिली ते पाचवीच्या जागांवरून बीएडधारक बाहेर गेले आहेत, आणि सेवेत लागल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी न सोडता बीएड करण्याची सोय आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. बीएडची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घ्यावा आणि पसंतीक्रमात अकोला, बुलढाणा, यवतमाळ, पनवेल यांसारख्या ठिकाणची शासकीय अध्यापक महाविद्यालये आणि अनुदानित कॉलेजे वर ठेवावीत. तेथील फी इतकी कमी असते की खर्च मुख्यतः राहण्या-जेवणाचाच उरतो. आपण मुलगी आहात ही बाबही येथे महत्त्वाची आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही माफी मिळत नाही. आपल्याला दोन लाखांचा खर्च सांगणाऱ्या कॉलेजला तो आकडा कोणत्या कोट्यातील आहे आणि ही माफी त्यांच्याकडे लागू होते का, हे लेखी विचारावे. अशा प्रश्नावर तोंडी उत्तर देऊन कागद टाळणारे कॉलेज पुढेही तसेच वागते, असा माझा अनुभव आहे.

यंदा फेरीत चांगले कॉलेज लागले नाही, तर एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी असे मी सुचवेन. त्या वर्षात नोकरी चालू राहील, दरमहा पाच हजार बाजूला टाकले तरी साठ हजार जमतील, आणि पुढच्या वर्षी कमी फीचे कॉलेज मिळाल्यावर कर्ज लागलेच तर ते लाखाच्या आत राहील.