एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरचा अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला तरी पोट फुगतंय आणि रक्ताची टेस्ट पॉझिटिव्हच, म्हणजे जंतू गेलाच नाही का?

नाही, रक्ताच्या टेस्टवरून ते ठरतच नाही. तुम्ही लिहिलंय की १४ दिवसांचा कोर्स संपून दोन महिने झाले, तरी ढेकर आणि फुगणं चालूच आहे आणि आता ही टेस्ट बघून झोप उडालीय. पण त्या टेस्टमध्ये जंतू दिसत नाही हो, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज दिसतात, आणि त्या जंतू मेल्यावरही कितीतरी महिने, कधीकधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात.

तुम्हाला हवीय श्वासाची टेस्ट किंवा संडासची अँटिजेन टेस्ट, म्हणजे संडासात जंतूचेच अंश शोधणारी. हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्याने युरिया फोडून स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि म्हणूनच जठरात टिकून राहतो. श्वासाच्या टेस्टला खुणेचा कार्बन घातलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तोच कार्बन थोड्या वेळाने श्वासात सापडतो.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण मी इथेच फसले. माझी श्वासाची टेस्ट निगेटिव्ह आली होती आणि मी निर्धास्त झाले, पण तेव्हा मी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेत होते, ती बंद करा असं मला कोणी सांगितलंच नाही. पित्ताच्या या गोळ्यांनी जंतू दबून जातो, मरत नाही, आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पुढे रात्री उपाशीपोटी वरच्या पोटात कुरतडल्यासारखं दुखायला लागलं, हिमोग्लोबिन घसरलं, मग दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवून एंडोस्कोपी केली तर अल्सर निघाला आणि बायोप्सीत जंतूही. मधले आठ महिने वाया गेले याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे गोळ्या टेस्टच्या आधी २ आठवडे बंद हव्यात, आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (कोर्समध्ये कधीकधी असणारं पोटाचं औषध) संपून किमान ४ आठवडे झालेले हवेत. पण अल्सर असेल तर गोळी मनाने बंद करू नका, आधी विचारा, मला तेवढ्या दिवसांपुरतं साधं अँटासिड दिलं होतं.

टेस्ट खरोखर निगेटिव्ह आली तरी फुगणं लगेच थांबेल असं नाही. जंतूमुळे जठराला आलेली सूज हळूहळू उतरते, आणि काहींना जंतू गेल्यावरही अपचनाचा त्रास राहतो, त्याचा इलाज वेगळा असतो, परत अँटिबायोटिक नाही. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, अल्सरचं दुसरं मोठं कारण तेच आहे.

कोर्समध्ये बिस्मथ असेल तर तेव्हा संडास काळी होते, त्याला घाबरू नका. पण आता कोर्स संपलेला असताना डांबरासारखी काळी चिकट संडास झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर टेस्टबिस्ट बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा. वजन आपोआप उतरत असेल किंवा घास अडकत असेल तरी एंडोस्कोपीचं लवकर विचारा.

आणि समजा पॉझिटिव्ह आली तर जुनं प्रिस्क्रिप्शन सोबत न्या. एकदा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेऊन जंतू मेला नसेल तर पुढच्या कोर्सला ते परत देत नाहीत, त्यामुळे आधी काय काय घेतलंय ते डॉक्टरांना कळायलाच हवं.