फाइल लहान, तरी टाइमलाइन का अडखळते?

प्रश्न : आम्ही लग्नं फोर-केमध्ये शूट करतो : सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६५ (फाइल लहान ठेवणारा व्हिडिओ फॉरमॅट), १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती), सेकंदाला १०० मेगाबिट. एडिटिंगला रिझॉल्व्ह स्टुडिओ आहे, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, तरी टाइमलाइन अडकते. सगळं प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीच्या मोठ्या फाइलींच्या फॉरमॅटमध्ये) करून घेतलं तर दर्जाही वाढेल का?

उत्तर : दर्जा वाढणार नाही. अक्षता उडताना कॅमेऱ्यानेच चित्रात चौकोन पाडले असतील, तर ते प्रोरेसमध्येही तसेच येतील. जागा मात्र पाचपट लागेल. तुमचं तासाभराचं फुटेज ४५ जीबी. प्रोरेस ४२२ मध्ये ते २२१ जीबी होतं.

एच.२६५ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं. मधल्या फ्रेम्समध्ये फक्त बदल साठवलेले असतात. अंतरपाट दूर होतो त्या नेमक्या फ्रेमवर कट मारायला तुम्ही एकेक फ्रेम मागे सरकता, तेव्हा संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून सगळं उलगडत यावं लागतं. प्रोरेस किंवा तशाच डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने ती चटकन उघडते. शिवाय तुमचं कार्ड ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर उलगडत नाही. एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. प्रोसेसर इंटेलचा, ११व्या पिढीचा किंवा नंतरचा असेल आणि नावाच्या शेवटी 'एफ' नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) त्याचं अंतर्गत ग्राफिक्स चालू करा आणि रिझॉल्व्हच्या डिकोड ऑप्शन्समध्ये क्विक सिंक (इंटेलची व्हिडिओ उलगडण्याची सोय) निवडा. एवढ्यानेच बराच फरक पडेल.

तसा प्रोसेसर नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, करा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं रिझोल्यूशन हाफ आणि फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी (त्यातला सर्वांत हलका प्रकार) ठेवा. मग मीडिया पूलमधल्या क्लिप निवडून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. तासाला १६-१७ जीबी जागा धरा. एडिट करताना प्लेबॅक मेनूत 'प्रेफर प्रॉक्सीज' ठेवा, पण कलरला (रंग सुधारायला) बसण्याआधी 'प्रेफर कॅमेरा ओरिजिनल्स' करायला विसरू नका. एलबी ८-बिट असतं, म्हणजे रंगांच्या छटा कमी. त्यात संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात आणि मूळ फुटेजमध्ये नसलेला दोष दुरुस्त करण्यात वेळ जातो. रेंडर करताना 'यूज प्रॉक्सी मीडिया'ची खूण काढलेली आहे ना, तेही पाहा.

प्रश्न : पाहुण्यांनी पाठवलेल्या मोबाइल क्लिपमध्ये आवाज हळूहळू पुढेमागे होतो.

उत्तर : मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' असेल, तर टाइमलाइनवर घेण्याआधीच हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६ ते १८ ठेवून नवी फाइल करा. क्लिप सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास असेल तर ३०च ठेवा. इथेच २५ केलंत तर फ्रेम गळून हालचाल झटके खाते.