ऑकल्ट रॉक, म्हणजे सैतान, जादूटोणा, गूढविद्या यांवरचं रॉक संगीत, वाजवणारे बँड खरंच सैतानाला मानतात का? आणि पन्नास वर्षांपूर्वीचं संगीत आज पुन्हा का वाजवतात?

तुम्ही लिहिलंय की घोस्ट हा बँड ऐकला, आवडला, पण घरच्यांना त्यातला सैतान खटकतो. मी आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, पहिल्याचं उत्तर वाटेत येईलच.

घरी पेटी असेल तर सा लावा. मग वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थांबा. पंचमाकडे अजिबात जायचं नाही, मध्यम नुसता हलवत ठेवायचा. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं, बँडच्याच नावाचं, एवढ्या तीन सुरांवर उभं आहे. यमनात हाच तीव्र मध्यम गोड लागतो, कारण त्याला टेकायला पंचम असतो. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून दिवेलागणीला मारवा ऐकताना जीव थाऱ्यावर राहत नाही. चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती असं तुमच्या वाचनात येईल. ती गोष्ट बरीच फुगवलेली आहे. या सुराला बंदीची गरजच नव्हती.

तो अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवारी. त्यातल्या या पहिल्या गाण्यातला माणूस समोर काळी आकृती पाहून घाबरतो आणि देवाचा धावा करतो, हे तुमच्या घरच्यांना जरूर सांगा. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीची दोन बोटं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात टोकाशी तुटली होती. प्लास्टिक वितळवून त्याने स्वतःच टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ पर्यंत तारा दीड सूर खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या तसा आवाज जड झाला. या सगळ्या संगीताचं वजन त्या जखमी हातातून आलंय, असं मी मानते.

पण सॅबथच्याही आधी, १९६९ मध्ये, शिकागोच्या कोव्हन या बँडचा अल्बम आला होता. त्याचं पहिलं गाणंही 'ब्लॅक सॅबथ' याच नावाचं, आणि त्यांच्या बेसवादकाचं नाव ऑझ ऑसबॉर्न, सॅबथचा गायक ऑझी ऑसबॉर्न याच्याशी जुळणारं! निव्वळ योगायोग. जिंक्स डॉसनचा आवाज असा स्वच्छ आणि उंच की आजही अंगावर काटा येतो. शेवटी त्यांनी तेरा मिनिटांचा सैतानी पूजाविधी ध्वनिमुद्रित करून घातला होता. मॅन्सन टोळीच्या खुनांनी अमेरिका हादरलेली असताना एका मोठ्या मासिकातल्या लेखाने कोव्हनचंही नाव त्या वातावरणाशी जोडलं आणि कंपनीने अल्बम मागे घेतला. व्हर्जिनियाचा पेंटाग्राम हा बँड १९७१ पासून वाजवत होता, पण त्यांचा पहिला पूर्ण अल्बम यायला १९८५ उजाडलं.

म्हणून 'जुन्याची नक्कल' हा आरोप मला पटत नाही. हा रस्ता मधेच सोडून दिलेला होता, पुढे काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. स्वीडनमधल्या ओरेब्रो गावच्या मॅग्नस पेलांडरने पेंटाग्रामच्या प्रेमापोटी विचक्राफ्ट हा बँड काढला. त्यांचा २००४ चा पहिला अल्बम ऐका: ड्रमचा आवाज खोलीत घुमतो तसाच ठेवलाय, ॲम्प्लिफायर जुन्या पद्धतीचे. ज्यांच्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही ऊब लगेच ओळखू येईल. टोरंटोच्या ब्लड सेरेमनीत आलिया ओब्रायन गाते आणि बासरीही वाजवते. तुमचा घोस्टसुद्धा स्वीडनचाच, लिंकोपिंगचा. त्यांचा पोपच्या वेशातला गायक, ते मुखवटे हे सरळ नाटक आहे, आणि उत्तम नाटक आहे. घरच्यांना दशावतारातला संकासुर आठवून पाहायला सांगा.

आता खरं मानणाऱ्यांविषयी. कामानिमित्त मी काही वर्षं नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला होते. तिथल्या एका सहकाऱ्याने मला त्याच गावच्या द डेव्हिल्स ब्लड या बँडचा २००९ चा अल्बम दिला. सेलिम लेमूशी गाणी रचायचा, त्याची बहीण फरीदा गायची. मंचावर ते डुकराच्या रक्ताने माखून उभे राहत. सेलिम हे दिखाव्यासाठी करत नव्हता, सैतान ही त्याची श्रद्धा होती आणि तो ती उघड सांगायचा. मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारी बाई, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मीही बिचकले होते. मग फरीदाचा आवाज आला. त्यात किंचाळणं नाही, धमकी नाही. एकामागून एक गिटारी चढत जातात आणि ती त्यांच्यावरून शांतपणे, जवळजवळ दुःखाने गात राहते. त्यांची श्रद्धा माझी नाही, कधी होणारही नाही. पण कुणीतरी आपलं सगळं पणाला लावून गातंय हे मला स्वच्छ ऐकू आलं, आणि त्या दिवसापासून या संगीतात मी खोटेपणा आधी शोधते, सैतान नंतर.

२०१३ मध्ये बँड संपला आणि २०१४ मध्ये सेलिम गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्याच्या गाण्यांत मृत्यूची ओढ होती. ती मी आज सौम्य करून सांगणार नाही. मन खचलेलं असेल अशा दिवसांत तो अल्बम लावू नका, हे मात्र मनापासून सांगते.

सुरुवात सॅबथच्या पहिल्या अल्बमने करा, रात्री, दिवे घालवून, मधे न थांबता. मग कोव्हन, पण शेवटचा पूजाविधी सोडून दिलात तरी चालेल, संगीत म्हणून त्यात फारसं काही नाही. त्यानंतर विचक्राफ्ट आणि ब्लड सेरेमनी. द डेव्हिल्स ब्लडला घाई नको. त्यांच्यापर्यंत पोचलात की फरीदाच्या मोलासेस या बँडचा २०२० चा अल्बमही ऐका. आयंडहोव्हनहून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या तिलबर्गला रोडबर्न महोत्सव भरतो. त्या महोत्सवाने २०१९ साठी खास काम मागितलं, तेव्हा फरीदा जुन्या साथीदारांना घेऊन पुन्हा उभी राहिली. आवाज तोच आहे, फक्त आता त्याच्या मागे भाऊ नाही.